दोन टॅकचं पायदान

लॉकडाऊनमध्ये घरं जवळ आली, बापांना लेकरं कळली, असं लोक अजून सांगतात. चहाचा कप हातात धरून, डोळे बारीक करून सांगतात. असलं कोणी बोलायला लागलं की मी उठून जातो. माझी लेकरं मला कळली की नाही ठाऊक नाही. मी मात्र त्यांना पुरता कळलो.

मी वेल्डर. सतरा वर्षं झाली. आमच्या कारखान्यात पाण्याच्या टाक्या, लोखंडी जिने, गोदामांचे सांगाडे बनतात. गेटला कुलूप लागलं त्या दिवशी मी माझं छोटं मशीन खांद्यावर टाकून घरी आणलं आणि पलंगाखाली सरकवलं. सोबत कांड्यांचं एक फोडलेलं पाकीट. कांडी वितळते तेव्हाच लोखंडाला लोखंड जुळतं. कांडी नाही तर वेल्डर म्हणजे नुसता काळा चष्मा घातलेला माणूस. पाकिटात अकरा कांड्या होत्या.

घर दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी, खाली फरशीचं अंगण. दोन पोरं. मोठी आठ वर्षांची, बारका चार. बायको शिलाई करते, तेव्हा मास्क शिवत होती. एक खोली तिच्या मशीनने आणि कापडाने भरलेली. उरलेल्या खोलीत आम्ही तिघं एकमेकांच्या पायांत. आठव्या दिवशी बारका कपाटात शिरला, आतून दार ओढून घेतलं आणि म्हणाला, "मी कामाला गेलोय. संध्याकाळी येईन."

बायको म्हणाली, "बापापेक्षा बरा आहे. निदान जातो तरी."

मग सकाळी सहा ते आठ घराच्या आसपास फिरायला परवानगी मिळाली. जिन्याखाली माझी जुनी काळी सायकल होती. मागे कॅरियरवर मोठी बसेल, बारक्याचं काय? मी मोडक्या खुर्चीची बैठक घेतली, पुढच्या दांडीवर बसेल असा पट्टा वाकवला आणि छोटी सीट केली. पाय ठेवायला खाली पायदान हवं, नाहीतर पाय लोंबकळणार आणि पुढच्या चाकाच्या तारांत जाणार. ते मला आधीच माहीत होतं. हे लक्षात ठेवा. माहीत नव्हतं असं नाही.

मी मशीन लावलं की अख्ख्या मजल्याचे दिवे मंद व्हायचे, आणि शेजारी ओरडायचे, "झालं का रे बाबा?" दोन्ही पोरं जिन्यात पाठ करून बसायची, कारण ठिणगीकडे बघायचं नाही असा दम दिलेला. बारका दर मिनिटाला विचारायचा, "आता वळू? आता?" सीट मी नीट, पूर्ण जोडली. त्यात कांड्या बऱ्याच गेल्या. जुनं गंजकं लोखंड कांडी खातं. पायदानापाशी आलो तेव्हा तीन उरल्या होत्या. तीनही संपवल्या तर हातात काहीच राहणार नाही, म्हणून पायदानाला मी दोन टॅक मारले आणि थांबलो.

टॅक म्हणजे मसुरीच्या दाण्याएवढा ठिपका. जोड पूर्ण करण्याआधी तुकडा जागेवर राहावा म्हणून मारतात. टॅक तुकडा धरतो, वजन धरत नाही. कारखान्यात नियम होता, नुसत्या टॅकवर असलेल्या वस्तूवर खडूने फुली मारायची. फुली असेपर्यंत त्यावर कोणी चढायचं नाही, त्याला रंग लावायचा नाही. रंग चढला की आतलं झाकलं. मग टॅक कुठला आणि जोड कुठला ते वेल्डरच्या बापालाही सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी माझा जोडीदार एका जिन्याच्या पायरीवर फुली मारायला विसरला तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याची आई-बहीण काढली होती. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं होतं.

माझ्या पायदानावर मी फुली मारली नाही. घरात खडू नव्हता असं म्हणता आलं असतं, पण मोठीच्या दप्तरात डबीभर खडू होते. मी रंगाचा डबा काढला. लालभडक. पोरं मागे उभी होती, "झाली का, झाली का" चाललं होतं, आणि मला त्यांच्या तोंडावरचा आनंद त्याच दिवशी बघायचा होता. पूर्ण जोड नंतर मारू, कांड्या मिळाल्या की. बारका आहेच किती, पिसासारखा.

ते तीन आठवडे मी खोटं बोलणार नाही, छान गेले. रस्ते मोकळे. दुकानांची शटरं खाली. चौकातले दिवे कोणी नसताना लाल व्हायचे, हिरवे व्हायचे. मी लालमधून निघालो की मोठी मागून पाठीत बुक्की घालायची, "पप्पा, लाल आहे!" मग आम्ही तिघं रिकाम्या चौकात शहाण्यासारखे थांबायचो. बारक्याकडे घंटी. मोठीकडे मांजरं मोजायचं काम. भिंतीवर, गाड्यांखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर, मांजरांचंच राज्य आलं होतं. ती ओरडायची, "सतरावं! पप्पा, सतरावं!" आणि बारका प्रत्येक मांजराला घंटी वाजवायचा.

खालच्या मजल्यावरचे रिटायर मास्तर अंगणात उभे राहून सीट न्याहाळायचे. म्हणायचे, "अरे, तू वेल्डर कसला, इंजिनिअर आहेस!" माझी छाती फुगायची. अशा वेळी माणसाने स्वतःच्या छातीत टाचणी मारावी.

मग सिस्टर आली. आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत राहते, सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे, सगळे सिस्टरच म्हणतात. तिची मुलगी तीन वर्षांची, लिंबू. रंगाने गोरी, गोल आणि आंबट तोंड करून बसणारी, म्हणून लिंबू. नवरा दुसऱ्या गावी अडकलेला, बस बंद. ड्युटीआधी लिंबूला दोन किलोमीटरवर तिच्या आजीकडे सोडायला लागायचं.

सिस्टर म्हणाली, "दादा, तुमच्या बारक्यासारखी सीट मला करून द्याल? माझ्या सायकलवर हिला बसवायला जागा नाही, रोज कडेवर घेऊन चालत जाते. कंबर गेली माझी."

मी काय म्हणायला हवं होतं? "सिस्टर, कांड्या नाहीत. दोन आठवडे थांबा." सोपं वाक्य आहे. पण मास्तर तिथेच उभे होते, आणि मी इंजिनिअर होतो. मी म्हणालो, "उद्या घेऊन जा."

उरलेल्या तीन कांड्यांत मी तिच्या सायकलला सीट जोडली. पायदान, दोन टॅक. वर निळा रंग.

हार्डवेअरचं दुकान सोमवारी दोन तास उघडायचं. त्या सोमवारी मी गेलो होतो. चाळीस माणसांची रांग, सगळे हातभर अंतरावर उन्हात. दहा मिनिटं उभा राहिलो. मग वाटलं, पोरं वाट बघत असतील, आठ वाजायच्या आत एक फेरी होईल. परत आलो. पुढच्या सोमवारी गेलोच नाही. तोवर मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो. लाल रंग बघून मलाही ते पूर्ण वाटायला लागलं होतं.

त्या बुधवारी उतारावर मोठी मागून म्हणाली, "पप्पा, खाली काहीतरी खडखडतंय."

"साखळी आहे."

"साखळी मागे असते. आवाज पुढून येतोय."

"वेल्डर तू की मी?"

ती गप्प बसली. बारका हसला, "वेल्डर मी." उतार संपायच्या आधी कट् असा बारीक आवाज झाला, आणि मग बारक्याचा आवाज. चाक जागेवर अडलं. सायकल पुढे पालथी झाली, आम्ही तिघं रस्त्यावर. मोठीचा गुडघा फुटला, माझं कोपर. बारक्याचा डावा पाय तारांत होता. तारा वाकवून मी तो काढला. टाचेचं कातडं चपलेच्या पट्ट्यासारखं लोंबत होतं.

त्याला उचलून मी पळालो. मोठी लंगडत मागे. अंगणात सिस्टर निघायच्या तयारीत होती, लिंबू सीटवर बसवलेली, निळ्या पायदानावर पाय. मी ते बघितलं. त्या अवस्थेतही बघितलं. सिस्टरने लिंबूला मास्तरांच्या हातात दिलं, स्वतःची ओढणी फाडून टाच घट्ट बांधली, म्हणाली, "चला, पाय वर धरा." हॉस्पिटल पायी दहा मिनिटं. अख्खा रस्ता ती बारक्याचा पाय वर धरून माझ्या बाजूने चालत होती, आणि त्याला सांगत होती, "माझ्याकडे बघ. सांग, वाघ कसा ओरडतो?" मागून बायको धावत आली, पायात दोन वेगवेगळ्या चपला.

डॉक्टर पांढऱ्या प्लास्टिकच्या पोशाखात, फक्त डोळे दिसत होते. त्याने विचारलं, "कसं झालं?"

साधा प्रश्न. तो पुरावा गोळा करत नव्हता. पण माझ्या एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला बायको. पाचावर धारण बसली. पायदान तुटलं म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न, कसं तुटलं? सतरा वर्षांचा वेल्डर.

मी म्हणालो, "ही मागे हलली. मांजर बघायला. तोल गेला."

आणि बोटाने दाखवलं. बोट दाखवायची काय गरज होती? पण दाखवलं.

मोठी दारात उभी होती. गुडघ्यातून रक्त पायमोज्यात उतरलेलं. तिने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. बायकोने वळून तिच्या गालावर एक ठेवून दिली. "किती वेळा सांगितलं तुला! गप्प बस, गप्प बस म्हणून!"

मी बघत होतो. मी मूग गिळून उभा होतो, आणि माझ्या मनात काय आलं ते सांगतो: बरं झालं, विषय संपला.

आठ टाके पडले. हाड वाचलं. दहा दिवसांनी टाके काढायला या म्हणाले.

घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं? जिन्याखाली जाऊन तुटलेलं पायदान शोधलं, टॅकच्या जागा ग्राइंडरने घासून सपाट केल्या, आणि तुकडा भंगारात टाकला. पोरगं वर कण्हत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

गुरुवारी सकाळी साडेसहाला मी गॅलरीत उभा होतो. सिस्टर लिंबूला सीटवर बसवत होती. तिने वर बघून विचारलं, "कसाय बारका?" मी म्हणालो, "झोपलाय." लिंबूने टाटा केला. मी हात हलवला. घशात शब्द आला होता, शपथेवर सांगतो, आला होता. पण तो बाहेर काढायचा तर त्याच्यामागे कालचा शब्द पण बाहेर येणार होता. सिस्टर वळणावर दिसेनाशी झाली. ती चार वाजता परत येईपर्यंत मी चार वेळा अंगणात जाऊन आलो.

शुक्रवारी तसंच. शनिवारी तसंच. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होतो, लिंबू बारक्यापेक्षा हलकी आहे. सिस्टर सावकाश चालवते. तिच्या रस्त्याला उतार नाही. माणूस स्वतःला पटवायला बसला की भला मोठा वकील होतो.

घरात मोठी बदलली होती. ती बारक्याला पाणी द्यायची, उशी द्यायची, स्वतःचे रंग त्याच्यापुढे ओतायची. तो नको म्हणाला तरी. बायको मशीनवरून म्हणायची, "आता करतेय सेवा. आधी अक्कल कुठे होती?" मोठी उलट बोलायची नाही. ही पोर एरवी आईच्या एका शब्दाला तीन शब्द द्यायची.

सोमवारी मी दुकानाच्या रांगेत पहिला होतो. पाच वाजल्यापासून. कांड्या घेतल्या. परत येईपर्यंत सिस्टर गेलेली होती, लिंबूसकट. चार वाजता ती आली तेव्हा मी अंगणातच बसलो होतो.

"सिस्टर, सायकल ठेवून जा. तेलपाणी करतो जरा."

"अहो दादा, तुमचं पोरगं पडलेलं असताना माझ्या सायकलचं काय घेऊन बसलात!"

"ठेवा हो."

सगळे वर गेल्यावर मी निळा रंग खरवडला. डावा टॅक तुटलेला होता. केसाएवढी फट, आत गंज धरायला लागलेला. उजवा एकटा धरून होता. मी फरशीवर बसलो. मग दोन्हीकडून पूर्ण जोड मारला, घासला, रंग लावला. हे करताना इकडेतिकडे बघत होतो, चोरी करणारा बघतो तसा.

संध्याकाळी सिस्टर दार ठोठावून आत आली, बारक्याची पट्टी बदलली आणि बायकोला म्हणाली, "वहिनी, तुमचा नवरा म्हणजे सोनं आहे हो. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून..." बायको सुखावली. मी मोरीत जाऊन हात धुवत बसलो, धुतलेलेच.

लिंबूचा धोका टळला. आता कोणालाच काही सांगायची गरज नव्हती. प्रकरण इथेच मिटलं असतं, आणि माझ्यासारखी हजारो माणसं ते मिटवतात आणि मजेत जगतात.

मंगळवारी दुपारी बायको मोठीला म्हणाली, "बारक्याचा पाय बरा झाला की जा परत पप्पांबरोबर. पण गप बसायचं."

मोठी म्हणाली, "मी नाही बसणार आता सायकलवर. कधीच. मी पाडते सगळ्यांना."

सहज म्हणाली, भाजी नको म्हणाल्यासारखी. मी तिथेच बोललो.

"तू नाही पाडलंस. पायदान आधी तुटलं. मी त्याला पुरता जोड मारलाच नव्हता. कांड्या नव्हत्या. वरून रंग लावला. माझी चूक. तू तर सांगितलं होतंस, खडखडतंय म्हणून."

बायकोने मशीन थांबवलं. मला वाटलं, आता कात्री येते अंगावर. तर तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "अहो, असं स्वतःवर घेऊ नका. लहान आहे, चुकलं तिचं, विसरेल ती. बघितलंस का गं? बाप कसा असतो बघ. तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"अगं, मी खरं सांगतोय!"

"हो हो. खरं."

मी मोठीकडे वळलो. तिने माझा हात थोपटला. आठ वर्षांच्या पोरीने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "असू दे पप्पा. मला आठवतंय. मी हलले होते. मांजर होतं ना, पांढरं. मी वाकले होते."

त्या उतारावर मांजर नव्हतं. मांजर मी डॉक्टरसमोर घातलं होतं. तिने सहा दिवसांत त्याला रंगही दिला.

"मांजर नव्हतं गं."

"होतं पप्पा. एकविसावं."

आता दाखवायलाही काही नव्हतं. पायदान मी घासून भंगारात टाकलेलं. सिस्टरचं मी जोडून रंगवलेलं. पुरावा नष्ट करण्यात मी मात्र पक्का कारागीर निघालो होतो. खोटं एका दमात पटलं होतं. खरं कोणी घेईना. वर त्याच्यासाठी माझीच पाठ थोपटली जात होती.

बुधवारी सकाळी सहालाच मी मशीन अंगणात उतरवलं. सिस्टर लिंबूला घेऊन आली तेव्हा म्हणालो, "पाच मिनिटं थांबा." मोठीला आणि बायकोला हाक मारून खाली बोलावलं. मास्तर खिडकीत होतेच. पट्टीचे दोन तुकडे जिन्याच्या लोखंडी कठड्याला खालच्या बाजूला लावले. एकाला दोन टॅक. दुसऱ्याला पूर्ण जोड. दोन्हींवर लाल रंग फासला.

मोठीला म्हणालो, "सांग, कुठलं पक्कं?"

ती दोन्हीकडे बराच वेळ बघत राहिली. "सारखेच आहेत."

"पाय दे यावर." पूर्ण जोडावर ती उभी राहिली, उड्या मारल्या. काही झालं नाही. "आता यावर." तिने दुसऱ्यावर पाय ठेवला. एकदा दाबला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा कट् झालं आणि पट्टी फरशीवर पडली.

तो आवाज तिने ओळखला. तिचा चेहरा मी बघितला, ओळखला. तिने तुकडा उचलला, तुटलेल्या जागी बोट लावलं. लाल रंगाच्या आत दोन चकचकीत ठिपके.

"बारक्याचं असं होतं?"

"असंच."

बायको हात तोंडावर ठेवून मोठीच्या गालाकडे बघत होती, ज्याच्यावर तिने मारलं होतं.

बोलली सिस्टर. हळू आवाजात. "दादा, माझ्या सायकलचं?"

"सोमवारी पूर्ण केलं. आता पक्कं आहे. हत्ती उभा राहू दे."

"सोमवारपर्यंत?"

मी मान खाली घातली.

तिने बोटांवर दिवस धरले. "गुरुवार. शुक्रवार. शनिवार. सोमवार. तुम्ही वर उभे होतात, दादा. लिंबूने टाटा केला तुम्हाला. तुम्ही हात हलवलात."

"हो."

"मी तुमच्या पोराचा पाय हातात धरून चालत होते हो."

मी रंगाचा डबा उचलून बाजूला ठेवला.

"काढा ती सीट."

"सिस्टर, आता खरंच..."

"काढा."

मी पाना आणला आणि सीट काढली. तिने लिंबूला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने सायकल ढकलत गेटबाहेर गेली. लिंबू सीटसाठी रडत होती. मास्तरांनी खिडकी लावून घेतली. ते मला नंतर कधी इंजिनिअर म्हणाले नाहीत. वेल्डरही म्हणाले नाहीत.

मोठी अजून तुकडा धरून उभी होती.

"मग माझं नाव का सांगितलंत?"

मी खाली बसलो, तिच्या उंचीला. गोड काहीतरी सांगता आलं असतं. घाबरलो होतो, गोंधळलो होतो. त्यातलं अर्धं खरंही होतं. पण मी एकदा सोपं बोलून बसलो होतो.

"कारण तू लहान आहेस. तू उलट बोलणार नाहीस हे मला माहीत होतं."

ती रडली नाही. विचार करत राहिली, गणित अडल्यावर करते तसा. मग म्हणाली, "डॉक्टरना पण सांगा."

"सांगतो ना."

"मी असताना."

शनिवारी टाके काढायला गेलो, चौघंही. दाराबाहेर माणसांची रांग, आत एका वेळी एक पेशंट आणि एक माणूस. बायको बाहेर थांबली. मोठी मात्र माझ्या मागोमाग आत घुसली. वॉर्डबॉय "ए, ए" करत राहिला. डॉक्टर तोच होता की दुसरा, पोशाखात कळेना. त्याने चिमट्याने एकेक टाका ओढला. बारका वाघासारखा ओरडत होता. मोठी भिंतीला टेकून, तोंडावर आईने शिवलेला मास्क, नुसते डोळे. ते माझ्यावर. आठवा टाका निघाला. डॉक्टर हातमोजे काढायला लागला.

"डॉक्टर, त्या दिवशी मी सांगितलं की मुलगी हलली. ती हलली नव्हती. पायदान मी नीट जोडलं नव्हतं. मी वेल्डर आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग केसपेपर उलटून पाहिला. "इथे फक्त 'सायकलवरून पडला' लिहिलंय. कोणाचं नाव नाही." आणि दाराकडे बघून ओरडला, "पुढचा!"

एवढंच. ज्याच्या भीतीने मी पोरीला पुढे केलं, त्याने ते लिहूनही घेतलं नव्हतं.

बाहेर बायकोने विचारलं, "सांगितलं?" मोठीने मान हलवली. सांगितलं. बायकोने तिला जवळ घ्यायला हात पुढे केला. मोठी घेऊ देत होती, पण लाकडासारखी उभी होती. बायको हात तसाच ठेवून म्हणाली, "माझं पण चुकलं गं." मोठी म्हणाली, "हं."

परत जाताना बारक्याला मी कडेवर घेणार होतो. मोठी म्हणाली, "मी धरते त्याला." तिने त्याचा हात धरला, तो एका पायावर जोर देत हळूहळू चालायला लागला, ती त्याच्या चालीने. चौकात दिवा लाल होता. रस्ता पार रिकामा. दोघं थांबली. बायको त्यांच्या शेजारी थांबली.

मी चार पावलं मागे होतो. मोठीने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. मीही पुढे गेलो नाही.